विचारायचं डॉक्टरांनीच

१९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास छापून आला. ६५० बायका तपासल्या होत्या. त्यांतल्या ९२ टक्के जणींना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. सरासरी एकीमागे साडेतीनपेक्षा जास्त. आणि त्याआधी आयुष्यात कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास आता जुना झाला. मधल्या काळात रस्ते झाले, आशाताई आल्या, घरोघरी मोबाइल आले. तरी कंबरदुखी, चक्कर, अशक्तपणा असं लिहिलेल्या केसपेपरांखाली अजून बरंच काही दबलेलं असतं, हे ओपीडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पेशंट वाट बघतो, डॉक्टर कधी विचारतील. डॉक्टर वाट बघतात, पेशंट कधी सांगेल. मधल्या मध्ये बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन खपतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी आणि स्वतःचा छोटा दवाखाना चालवणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी हे लिहीत आहे. म्हणणं एकच आहे: लैंगिक आणि प्रजनन आरोग्याचा विषय डॉक्टरांनी काढायचा, आणि तो सगळ्यांपाशी काढायचा. ज्याच्याबद्दल शंका आली त्यालाच विचारलं तर त्याला तो आरोप वाटतो. सगळ्यांनाच विचारलं की तो भूक-झोपेसारखा एक प्रश्न होतो. सगळ्यांना म्हणजे अविवाहित मुलीला, विधवेला, सत्तरीच्या आजोबांनाही. आजोबांना वगळायची आपल्याला फार घाई असते.

आधी जागा

दिवसाला ऐंशी-शंभर पेशंट, टेबलाभोवती चौघं उभी, त्यांतली एक पेशंटची जाऊ. अशा ठिकाणी कितीही गोड शब्दांत विचारलंत तरी उत्तर ‘काही नाही’ हेच येणार. वेगळी खोली नसेल तर पडदा लावा, रांग दाराबाहेर न्या, आणि एक नियम करून टाका: प्रत्येक पेशंटशी डॉक्टर दोन मिनिटं एकट्याने बोलतील. तशी पाटीच लावा. पाटी असली की सासूबाईंना बाहेर थांबायला सांगताना सुनेवर बालंट येत नाही. ‘हा दवाखान्याचा नियम आहे, मावशी, तुमचा नंबर आला की तुमच्याशीही एकट्यानेच बोलणार,’ एवढं म्हटलं की पुरतं. नवऱ्याच्या आणि आईच्या बाबतीतही तेच.

पुरुष डॉक्टरांनी स्त्रीची आतून तपासणी करताना सिस्टर सोबत हवीच. पण नुसतं बोलताना सिस्टर हवी का, हे पेशंटला विचारा. ती सिस्टर किंवा मदतनीस बहुधा त्याच गावची असते, कुणाची तरी वहिनी लागते. कंपाउंडरला बजावून ठेवा की नाव पुकारताना तक्रार पुकारायची नाही. आणि हल्लीची एक गोष्ट: रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवण्याआधी तो नंबर कुणाचा आहे ते बघा. केसपेपरवर बाईच्या नावापुढे नंबर असतो नवऱ्याचा किंवा मुलाचा. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक केल्या आहेत. समुपदेशन आणि तपासणी आयसीटीसीमध्ये मोफत होते, आणि १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. हा नंबर भिंतीवर असू द्या. तोंडाने मागायला लोक कचरतात.

मग शब्द

पुस्तकी मराठी इथे कामाची नाही. ‘आपले लैंगिक जीवन समाधानकारक आहे काय?’ असं विचारणाऱ्या डॉक्टरला पेशंट हात जोडून ‘होय साहेब’ म्हणतो आणि निघतो. लोक म्हणतात पाळी, पांढरं जाणं, अंगावरून जाणं, अंग बाहेर येणं, पिशवी, दिवस जाणं, ताकद कमी होणं. शहरातली कॉलेजची मुलं ‘फिजिकल झालो’ म्हणतात. तेच शब्द घ्या, फक्त नक्की काय म्हणायचंय ते खुलासा करून घ्या. ‘अंगावरून जातं’ म्हणणारी बाई पांढऱ्याबद्दल बोलतेय की लाल जाण्याबद्दल, हे न विचारता गोळ्या लिहिलेल्या चिठ्ठ्या कमी नाहीत.

प्रश्नाला कारण जोडा आणि परवानगी मागा. ‘शुगर असली की बऱ्याच पुरुषांना संबंधाच्या वेळी ताठरतेचा त्रास होतो. मी शुगरच्या सगळ्यांनाच विचारतो. तुम्हाला तसं काही जाणवतं का?’ ‘पाळी गेल्यावर आतून कोरडं पडतं, जवळ येताना दुखतं. तुमचं कसं आहे?’ लागणीचा धोका बघायचा असेल तर आडवळण नको: ‘गेल्या काही महिन्यांत संबंध कुणाकुणाशी आले? पुरुषाशी, स्त्रीशी, की दोघांशी? कंडोम होता का?’ हा प्रश्न विवाहित पुरुषालाही याच शब्दांत विचारायचा. समलिंगी संबंध हा २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा राहिलेला नाही, आणि आजार तर तो कधीच नव्हता. उत्तर ऐकताना भुवई वर गेली की पुढचं उत्तर खोटं मिळतं, एवढं लक्षात असू द्या.

पेशंट ‘नाही’ म्हणाला तर सोडून द्या. ‘पुढे कधी वाटलं तर सांगा,’ एवढं म्हणून रक्तदाब मोजा. पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तोच पेशंट निघता निघता थबकतो.

पुरुष काय लपवतात

‘धात जाते’ म्हणणाऱ्या पोराला हसण्यावारी नेऊ नका. लघवीतून, शौचाच्या वेळी किंवा झोपेत वीर्य जातं, त्यामुळे शक्ती जाते, अशी ही समजूत. वीर्याच्या एका थेंबाला रक्ताचे चाळीस थेंब लागतात, हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं आणि मानसिक अस्वस्थतेशी त्याचं असलेलं नातं दाखवलं. ‘काही नाही, मनाचे खेळ’ असं सांगून घालवलेला हा पोरगा हमरस्त्यावरच्या ‘गुप्तरोग’ पाटीखाली जाऊन हजारो रुपये मोजून येतो. आपण त्याला नाकारलेला वेळ तिथला भोंदू देतो, एवढाच फरक असतो. लघवी तपासा, हिमोग्लोबिन आणि साखर बघा, झोप कशी लागते, मन कशात लागतं का, घरापासून लांब राहतो का, हे विचारा. नैराश्य सापडलं तर त्याचा इलाज करा. मग वीर्य कसं तयार होतं ते कागदावर आकृती काढून समजवा. टॉनिक लिहू नका. टॉनिक लिहिलं म्हणजे शक्ती गेली होती हे तुम्हीच कबूल केलंत. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, ते अशाच अज्ञानाशी झगडत. शंभर वर्षांनीही ते काम आपल्याच टेबलावर येऊन पडतं आहे.

ताठरतेची तक्रार मात्र वेगळ्या कारणासाठी गांभीर्याने घ्यायची. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्या आधी तुंबतात. पंचेचाळिशीच्या, विडी ओढणाऱ्या माणसाला वर्षभरात हा त्रास सुरू झाला असेल तर त्याची साखर, रक्तदाब, चरबी आणि ईसीजी बघितल्याशिवाय त्याला सोडू नका. रक्तदाबाची आणि नैराश्याची काही औषधंही हा त्रास देतात. पेशंट ते सांगत नाही, गुपचूप गोळी बंद करतो, आणि आपण ‘बीपी आटोक्यात का येत नाही’ म्हणून डोस वाढवतो.

इथेच जिवावर बेतणारी एक गोष्ट आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय सिल्डेनाफिल घेणारे पुष्कळ आहेत. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पुरुषाच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवण्याआधी ‘ताकदीची गोळी घेतली होती का’ हे विचारायलाच हवं. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास नायट्रेट दिलं तर रक्तदाब कोसळतो. एरवी हा विषय काढायला संकोच वाटतो म्हणणाऱ्यांनी निदान इथे तरी संकोच बाजूला ठेवावा.

हार्ट अटॅक येऊन गेलेल्याच्या मनात ‘आता संबंध ठेवला तर?’ ही भीती असते, बायकोच्या मनात त्याहून जास्त. तब्येत स्थिर असेल आणि दोन जिने न थांबता, धाप न लागता, छातीत न दुखता चढता येत असतील तर सहसा हरकत नसते. डिस्चार्ज कार्डावर आहार असतो, चालणं असतं, हे नसतं. तेव्हा ते सांगायचं काम तुमचं.

पांढरं जाणं आणि पिशवी काढणं

बायकांची सर्वांत नेहमीची तक्रार पांढरं जाण्याची, आणि सर्वांत हलगर्जी इलाजही तिचाच. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणात थोडं पारदर्शक पाणी जाणं नैसर्गिक आहे. ते ऐकून पुष्कळजणींचा निम्मा आजार जातो. वास, खाज, रंग, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त जाणं यांतलं काही असेल तर स्पेक्युलम लावून बघायचंच. सरकारी केंद्रात नाकोची रंगीत किट असतात: योनिमार्गातल्या स्रावासाठी हिरवं, गर्भाशयमुखाच्या दाहासाठी आणि पुरुषाच्या लघवीच्या मार्गातून पू येत असेल तर करडं, जखमेसाठी पांढरं, ओटीपोटातल्या दाहासाठी पिवळं. किट सोयीची आहेत, म्हणूनच न तपासता वाटली जातात. तिला दिलेल्या औषधाबरोबर नवऱ्याला औषध लागतं का, हे ठरवल्याशिवाय चिठ्ठी पुरी होत नाही. आणि त्याला बोलवायचं ते ‘तुझ्यामुळे झालं’ अशा सुरात नव्हे, नाहीतर घरी मार ती खाते.

इलाज अर्धवट राहतो, तक्रार परत परत येते, आणि एक दिवस कुणीतरी सांगतं, ‘पिशवी काढून टाका, कटकट जाईल, कॅन्सर होणार नाही.’ बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तिशीतल्या बाईची पिशवी गेली, त्यातही अंडाशयांसकट गेली, तर हाडं, हृदय, झोप आणि नवरा-बायकोचे संबंध, सगळ्यांवर परिणाम होतो. ‘काढून टाकू का?’ असं विचारत ती आधी तुमच्याकडेच येते. त्या वेळी तुम्ही दिलेली दहा मिनिटं कुठल्याही स्पेशालिस्टच्या मतापेक्षा मोलाची आहेत.

कॅन्सरच्या भीतीला उत्तर तपासणीचं असतं. ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख बघण्याची व्हीआयए तपासणी प्रशिक्षित सिस्टरही करू शकते; तिशीनंतर दर पाच वर्षांनी ती व्हावी असं राष्ट्रीय कार्यक्रम सांगतो. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आरोग्य सेविकांकडून ही तपासणी करवून घेतली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत झालेल्या मोठ्या अभ्यासाने एचपीव्ही तपासणीचा फायदा जगाला दाखवला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून उपलब्ध आहे. जगाला पुरावा महाराष्ट्राने दिला, आणि आपल्याच ओपीडीत व्हीआयएचं साहित्य कपाटात पडून राहतं, हे काही बरं नाही.

मूल हवं, नको, आत्ता नको

गर्भनिरोधनाचं समुपदेशन म्हणजे ‘दोन झाली, आता ऑपरेशन करून घे’ असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी वाद घालत नाही. फक्त आकडा सांगतो. एनएफएचएस-५ नुसार देशात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुषांचं ०.३. बिनटाक्याची पुरुष नसबंदी सोपी आहे, पण एक गोष्ट सांगायची राहते: ती लगेच लागू होत नाही. तीन महिने कंडोम वापरायचा आणि वीर्य तपासून शुक्रजंतू नाहीत याची खात्री झाल्यावरच सोडायचा. हे न सांगितल्यामुळे दिवस राहिले की संशय बायकोवर जातो.

अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा, तांबी, माला-एन, निरोध हे सगळं सरकारी केंद्रात मोफत आहे. अंतरा सोडणाऱ्या बहुतेकजणी पाळी बिघडली म्हणून घाबरून सोडतात. पाळी अनियमित होईल, बंदही होईल, रक्त आत साचत नाही, हे पहिल्या इंजेक्शनआधी सांगा. माला-एन लिहिताना रक्तदाब मोजा, आणि डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी आहे का, ते विचारा; असेल तर ती गोळी नको. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर या गोळ्यांचा परिणाम कमी होतो. टीबीच्या औषधांवर असलेल्या तरुण बाईला कुणी हे विचारतच नाही. आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर कंडोम फाटू शकतो, हेही तोंडाने सांगावं लागतं. नसबंदीला किंवा गर्भपाताला सज्ञान स्त्रीची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची सही आणल्याशिवाय परत पाठवणं, हा आपण आपल्यासाठी शोधलेला बचाव आहे. कायद्यात तो नाही.

गर्भपाताबद्दल निदान एवढं पाठ हवं: २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक परिस्थितीत दोघांचं, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ. अविवाहित स्त्रीलाही हा हक्क तितकाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी तो स्पष्ट केला. गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत, आणि तोही पात्र डॉक्टरच्या देखरेखीखालीच. तुम्ही स्वतः करत नसाल तर मान्यताप्राप्त केंद्राचं नाव आणि चिठ्ठी तिच्या हातात द्या. उपदेश करून परत पाठवलेली मुलगी मेडिकलमधून गोळ्या घेते आणि रक्तस्राव होऊन रात्री दोन वाजता येते. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत आलेली असेल तर तातडीची गोळी द्या. जितकी लवकर तितकी उपयोगी. ती गोळी राहिलेला गर्भ पाडत नाही, म्हणून दोन्ही गोळ्यांतला फरक समजावून सांगा.

मुलगी अठराच्या आतली असेल तर गोष्ट अवघड होते. पालकांची लेखी संमती लागते आणि पॉक्सोप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं. मात्र मुलीने आणि पालकांनी तशी विनंती केली तर गर्भपातासाठीच्या त्या माहितीत तिचं नाव-ओळख उघड करण्याची गरज नाही, असं त्याच २०२२ च्या निकालात म्हटलं आहे. हे तिला आधी सांगितलं तर ती पळून जात नाही.

मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यात तपासण्यांचा गठ्ठा बाईच्या हातात असतो आणि पुरुषाने एकदाही वीर्य तपासलेलं नसतं. तीच तपासणी सर्वांत स्वस्त, म्हणून तीच आधी करा. संबंध नीट येतात का, हेही विचारा. लग्नाला तीन वर्षं झाली आणि संबंध आलेलाच नाही, अशी जोडपी असतात. आपल्याकडे गर्भपिशवीचा टीबी हे न विसरण्याजोगं कारण आहे.

जबरदस्तीबद्दल बोलणं टाळू नका. ‘मनात नसताना जबरदस्ती होते का? घरात कुणी हात उगारतं का?’ हे एकट्यानेच विचारायचं. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि जिल्ह्याचं सखी केंद्र माहीत असू द्या. अत्याचारग्रस्त स्त्रीवर प्रथमोपचार आणि उपचार मोफत आणि तातडीने करणं खासगी दवाखान्यावरही बंधनकारक आहे. ‘आधी पोलिसात जा’ असं म्हणता येत नाही. दोन बोटांची तपासणी सर्वोच्च न्यायालयाने सपशेल बंद केली आहे. ती अजून कुणी शिकवत असेल तर त्याला ऐकवा.

सुरुवात कुठून

सगळं एकदम सुरू करायला गेलात तर आठवड्यात गाडं थांबेल. दोन गट धरा. एक, शुगरचे पुरुष. त्यांचा वार बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. दुसरा, दीड महिन्याच्या बाळाला पहिल्या पेंटाला घेऊन आलेली आई. त्या दिवशी ती आपण होऊन दारात आलेली असते आणि सगळ्यांचं लक्ष बाळावर असतं. अंगावरचं दूध पाजतेय आणि पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं तिला वाटतं. ते खरं असतं बाळ सहा महिन्यांच्या आत असेल, त्याला फक्त अंगावरचंच दूध असेल आणि पाळी सुरू झालेली नसेल तरच. यातलं एक जरी हललं तरी भरवसा नाही. दूध पाजताना अंतरा, छाया, तांबी, कंडोम चालतात. माला-एन सहा महिने नको. संबंध सुरू झाले का, टाके दुखतात का, मन उदास असतं का, हे तिला त्याच वेळी विचारा. नवरा मोटारसायकलवर बाहेर थांबलेला असेल तर त्यालाही आत बोलवा, आणि पुढचा पाळणा लांबवायची किंवा थांबवायची जबाबदारी त्याची काय, हे त्याच्याशी बोला.